आधीचं बरं की आताचं?

चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासणाऱ्या त्या बाईला बुद्धिबळाचं वेड लागलं सासऱ्यांमुळे, आणि बुद्धिबळाच्या पुस्तकांचं वेड लागलं त्याच सासऱ्यांकडून रोज हरल्यामुळे. दुकानात तिला सगळे मॅडम म्हणत. घरात सासरे सूनबाई म्हणत. आपणही सूनबाईच म्हणू, कारण गोष्ट घरातली आहे.

सासरे म्हणजे नाना. त्यांनी अख्खी नोकरी बंदरावरच्या क्रेनच्या केबिनमध्ये बसून काढली. जहाज धक्क्याला लागेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं तरी किती, म्हणून खालच्या खोलीत मंडळी पट मांडायची, आणि तिथेच पाहून पाहून नाना शिकले. पुस्तकाचा आणि त्यांचा कधी संबंध आला नाही. पण मोहरा उचलण्याची त्यांची पद्धत बघण्यासारखी होती. आधी सरळ वर, मग आडवा, मग अलगद खाली. ठेवल्याचा आवाजसुद्धा यायचा नाही. समोरच्याला कळायचं तेव्हा त्याचा वजीर गेलेला असायचा.

बायको गेल्यावर नाना मुलाकडे राहायला आले, ते कपड्यांची एक बॅग आणि बुद्धिबळाचा डबा घेऊन. मुलाला या खेळात काडीचाही रस नव्हता. तो शाळेची बस चालवायचा. दिवसभर मुलांचा कलकलाट ऐकून घरी आला, की त्याला सोफा, पंखा आणि शांतता एवढंच हवं असायचं. उंटाला तो अजूनही 'टोपीवाला' म्हणतो, यावरून काय ते समजा. तेव्हा नानांनी पट मांडला तो सुनेपुढे. तिनेही, म्हाताऱ्या माणसाचा वेळ जाईल, अशा उदार मनाने बैठक मारली. पहिल्याच डावात चहा निवायच्या आत तिच्यावर मात झाली, आणि ते उदार मन तिथल्या तिथे संपलं.

हरल्यावर हसणारी माणसं असतात. सूनबाई त्यातली नव्हती. ती हरली की स्वयंपाकघरातली भांडी जरा जोरात ठेवली जायची. नवरा सोफ्यावरून विचारायचा, "आज पण का?" आणि उत्तरादाखल एक झाकण पडायचं. गंमत म्हणजे दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर ओढून ती घरी यायची, हातपाय धुवायची आणि आपणहून पटासमोर जाऊन बसायची. नाना तिथे आधीच बसलेले असायचे, सोंगट्या मांडून, पांढरी तिच्या बाजूला ठेवून. दिवसभर ते घरात एकटेच असत. संध्याकाळच्या त्या डावाची वाट ते कशी बघत, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवायचा त्यांचा स्वभावच नव्हता.

असंच एकदा हरून झाल्यावर तिने बुद्धिबळ मंडळ गाठलं. मंडळ म्हणजे सायकलच्या दुकानावरची एक खोली, चार टेबलं, आणि पुस्तकांनी ठासून भरलेलं एक काचेचं कपाट. सेक्रेटरी पेशाने दातांचे डॉक्टर. त्यांनी तिला आधी एक डाव खेळायला बसवलं, स्वतःचा वजीर बाजूला काढून ठेवला आणि तरीही तिला आरामात हरवलं. मग तिने विचारलं, की माझ्यासारखीने सुधारायचं तर यातलं कुठलं पुस्तक वाचावं?

डॉक्टर खळखळून हसले. म्हणाले, की हा प्रश्न या खोलीत रोज निघतो आणि रोज त्यावर भांडण होतं. प्रत्येक सभासद ज्या पुस्तकाची शपथ घेतो, ते त्याने पहिल्या वीस पानांपुढे वाचलेलं नसतं. पुस्तक कपाटात आलं म्हणजे खेळ डोक्यात आला, असा इथे सर्वांचा समज आहे. सगळी पुस्तकं जुनी, नावाजलेली, पण शिकणाऱ्याला खरोखर उपयोगी कुठलं, हे कुणी एकानेही नीट तपासलेलं नाही.

तपासणं म्हटल्यावर सूनबाईचे कान टवकारले. तपासणं हा तर तिचा धंदाच होता. ती म्हणाली, "मी तपासते." डॉक्टरांना ती थट्टा वाटली. तिने मात्र पिशवीच पुढे केली.

आता तिची पद्धत सांगायला हवी, कारण सगळा घोटाळा पद्धतीतच झाला. डोळे तपासताना ती गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड गोल फ्रेम चढवायची, तिच्यात एक भिंग घालायची आणि समोरचा अक्षरांचा तक्ता वाचायला लावायची. मग भिंग बदलून विचारायची, "आधीचं बरं की आताचं?" एका वेळी एकच भिंग बदलायचं, आणि तक्त्याला हात लावायचा नाही. तो जिथे आहे तिथेच राहिला पाहिजे. तक्ताच हलला तर तपासणीला काय अर्थ उरला? तिने हेच पुस्तकांना लावलं. एका वेळी एकच पुस्तक घ्यायचं, रोज सकाळी चहाबरोबर थोडं वाचायचं, पान संपेल तिथे खूण ठेवून ते फ्रिजवर ठेवायचं आणि दुकानात जायचं. संध्याकाळी नानांशी डाव. पुस्तक चांगलं असेल तर नाना हरतील, नाही तर नाही. म्हणजे पुस्तकं ही भिंगं, आणि नाना हा तक्ता. नानांना यातलं काही सांगायची तिला गरज वाटली नाही. तक्त्याला कोण सांगतं?

पहिलं आणलं ते डावाच्या सुरुवातीच्या चालींचं. उशाला घेता येईल इतकं जाड. सूनबाईने मान मोडून त्यातल्या चाली पाठ केल्या. संध्याकाळी नानांनी तिसऱ्याच चालीला असलं काही तरी खेळून टाकलं, जे त्या पुस्तकात कुठल्याच पानावर नव्हतं. भर बाजारात आईचा हात सुटलेल्या पोरासारखी तिची गत झाली. तिने निकाल दिला, की हे पुस्तक समोरच्यानेही वाचलेलं असेल तरच उपयोगाचं. शिवाय अक्षर इतकं बारीक, की छापणाऱ्याला चष्म्याच्या दुकानांकडून कमिशन असावं.

दुसरं होतं कोड्यांचं. पानोपानी चित्रं आणि खाली एकच ओळ, पांढऱ्याने खेळून जिंकावे. हे तिला आवडलं. पण पुस्तक आधीच सांगतं की इथे काही तरी दडलंय, म्हणून माणूस शोधतो. नाना कुठे सांगणार होते? तरी त्या पुस्तकानंतर तिला नानांचे छापे दुरून दिसू लागले. पुढे मात्र नानाही तिच्या मनातले छापे ओळखायला लागले, आणि हिशेब पुन्हा तिथेच आला.

तिसऱ्या पुस्तकाच्या तर ती प्रेमातच पडली. एका जुन्या उस्तादाने स्वतःचे डाव त्यात उलगडून सांगितले होते. चाल का केली, करताना मनात काय भीती होती, सगळं. आणि स्वतः हरलेले डावही त्याने घातले होते, सबबी न सांगता. दोन चित्रांच्या मधे चाली इतक्या थोड्या, की पट न मांडताही समजावं. चूक कबूल करणाऱ्या मास्तरावर तिचा विश्वास बसला. हे पुस्तक चालू असताना एकदा डाव बरोबरीत सुटला, तेव्हा भांड्यांचा आवाज आला नाही, आणि नवरा काळजी वाटून स्वयंपाकघरात डोकावून गेला. पण दुसऱ्या दिवसापासून पुन्हा हार.

मधे एकदा नाना दुकानात येऊन गेले. म्हणाले, जवळचं जरा धूसर दिसतंय, पेपरची अक्षरं हल्ली फार बारीक छापतात. तिने तपासून त्यांचा वाचायचा नंबर वाढवून दिला. तेव्हा तिच्या डोक्यात काही आलं नाही. दुसऱ्याच्या डोळ्यांत दिवसभर बघणाऱ्या बाईला स्वतःच्या घरातलं दिसलं नाही, याला काय म्हणणार?

चौथं पुस्तक पातळ होतं, डावाच्या अखेरीचं. पटावर दोन राजे, एखादा हत्ती आणि चार प्यादी उरली की काय करायचं, एवढंच. ते सुरू झालं आणि डाव लांबायला लागले. पूर्वी चहा निवायच्या आत संपणारा डाव आता जेवणाची वेळ टळली तरी चालायचा. नवरा पोळ्या स्वतः वाढून घ्यायला शिकला. कुणीही शहाण्या माणसाने यावरून ओळखलं असतं, की बाई सुधारल्या. सूनबाईने वेगळाच अर्थ काढला. पूर्वी मी पटकन हरायचे, आता सावकाश हरते, हीच काय ती प्रगती.

आणि मग एका संध्याकाळी ती फारच खट्टू झाली. डाव तिच्या हातात होता. तिचं एक प्यादं वजीर व्हायला निघालं होतं, हत्ती होता, सगळं होतं. तरी नानांनी कुठून तरी वाट काढली आणि ती हरली. भांडी वाजली नाहीत. ती तिथेच बसून म्हणाली, की आता पुरे. या वयात डोक्यात नवीन काही शिरत नाही, हे कबूल करून टाकावं. उद्या दुकान अर्धा दिवस बंद आहे, पुस्तकं परत करून येते. उद्यापासून डावही नको.

नाना फक्त "बरं" म्हणाले. सोंगट्या त्यांनी एकेक करून डब्यात ठेवल्या. नेहमीपेक्षा खूपच वेळ लावून.

दुसऱ्या दिवशी पुस्तकं गोळा करताना ते पातळ पुस्तक काही फ्रिजवर सापडेना. मागे पडलं असेल म्हणून तिने बाकीची पिशवीत भरली आणि दुकानातूनच थेट मंडळ गाठलं. डॉक्टरांना तिने निकाल ऐकवला. पुस्तकं वाचायला छान आहेत, एक तर फारच छान आहे, पण माणूस सुधारेल म्हणाल तर एकही कामाचं नाही. मी स्वतः तपासलंय.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, जाताजाता एक डाव तरी खेळून जा. सवयीने स्वतःचा वजीर उचलून बाजूला ठेवला. सूनबाईने त्यांना इतक्या लवकर गुंडाळलं, की त्यांना वाटलं आपलंच लक्ष नव्हतं. मग त्यांनी वजीर जागेवर ठेवला, चष्मा पुसला आणि दुसरा डाव मन लावून खेळले. तोही हरले. शेजारच्या टेबलावरचे दोघे आपला डाव सोडून येऊन उभे राहिले होते. सूनबाई पटाकडे बघत होती, दुसऱ्याच कुणाचा तरी डाव असावा तशी.

डॉक्टर म्हणाले, "ताई, तुम्ही रोज खेळता कुणाशी?"

"सासऱ्यांशी. रोज हरते."

"अजूनही?" डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. "मग त्यांनी कुठली पुस्तकं वाचलीत ते आधी सांगा."

ती म्हणणार होती, की ते कसली पुस्तकं वाचताहेत, क्रेनवर होते ते. पण वाक्य तोंडातच राहिलं. तिला नानांचा वाढलेला नंबर आठवला. मग दुकानात येणारा एक ट्रकवाला आठवला, जो रांगेत बसल्या बसल्या तक्ता पाठ करायचा आणि डोळे मिटूनसुद्धा शेवटची ओळ म्हणून दाखवायचा. आणि मग फ्रिजवरची ती रिकामी जागा आठवली. ती उठली. पिशवी तिथेच राहिली, चप्पल उलटसुलट पायात गेली आणि ती घराकडे सुटली.

दार तिने स्वतःच्या किल्लीने उघडलं. भर दुपार. नवरा मुलांना सोडायला बसवर गेलेला. नाना पटासमोर बसले होते, तिने दिलेला नवा चष्मा नाकाच्या टोकावर, मांडीवर ते पातळ पुस्तक. पटावर कालचाच डाव होता, तिचं प्यादं जिथे अडलं तिथपर्यंत मांडलेला. चोरून खाऊ खाताना सापडावं तसे ते दचकले आणि पुस्तक उशीखाली सारायला गेले. उशी लहान होती. पुस्तक अर्धं बाहेरच राहिलं.

सूनबाई काही बोलायच्या आत तेच बोलायला लागले. काल तूच जिंकत होतीस, म्हणाले. तुझं प्यादं पुढे निघालं होतं आणि तू हत्ती त्याच्या पुढ्यात उभा केलास. मागे उभा करायचा होता, म्हणजे प्यादं जसं पुढे जाईल तशी हत्तीला जागा वाढत जाते. सकाळपासून शोधत होतो, आत्ता सापडलं. तू आलीस की दाखवणार होतो, म्हणजे तू...

एवढं बोलून ते थांबले.

तिने विचारलं, "नाना, कुठल्या पुस्तकापासून?"

"पहिल्यापासून." मग घाईघाईने, "पण तुझ्या खुणेच्या पुढे एक पानसुद्धा वाचलं नाही. तुझ्या आधी वाचलं असतं तर ती चोरी झाली असती."

सूनबाई मटकन खुर्चीत बसली. इतके महिने ती भिंगामागून भिंग बदलत होती, आणि दर दुपारी तक्ता आपलीच अक्षरं बारीक करून घेत होता. एकही पुस्तक नापास झालं नव्हतं. प्रत्येक पुस्तक घरात दोनदा पास झालं होतं. तिला राग यायला हवा होता, आणि आधी तोच आला. पण पुस्तक लपवायला धरलेली ती एवढीशी उशी तिच्या नजरेला पडली आणि तिला जे हसू फुटलं ते काही केल्या आवरेना. नाना बावरून तिच्याकडे बघत राहिले.

हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "पण का? एवढं हरायचं भय होतं?"

नाना चष्मा काढून सदऱ्याला पुसत बसले. पुसून झाला तरी पुसत होते.

"हरायचं नाही," ते म्हणाले. "तू जिंकायला शिकत होतीस. एकदा जिंकलीस की तुझं काम झालं. मग म्हाताऱ्यासमोर कोण कशाला येऊन बसतंय?"

ती म्हणाली, "जिंकायला बसते हे खरंय. खोटं कशाला बोलू? पण जिंकल्यावर उठून जाईन, असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

नानांनी उशीखालचं पुस्तक काढलं आणि तिच्यापुढे धरलं. म्हणाले, की आजपासून तुझ्या पुस्तकाला हात लावणार नाही.

"लावायचा," सूनबाई म्हणाली. "वाचलं नाहीत तर मी खेळणार नाही."

पुढच्या आठवड्यात ती नानांना घेऊन मंडळात गेली, कारण डॉक्टरांना नीट निकाल द्यायचा राहिला होता. तो काही नीट देता आला नाही. सूनबाईचं म्हणणं, सुधारणाऱ्याच्या हाती आधी त्या उस्तादाचे डाव द्या, का खेळायचं ते कळलं तर कसं खेळायचं ते पुढे कळेल. नानांचं म्हणणं, आधी ते पातळ पुस्तक. खाली उतरवायची जागा ठाऊक नसताना माल उचलायचाच कशाला? जाड पुस्तक सगळ्यात शेवटी द्यावं, यावर मात्र घरात एकमत होतं. दोघांचा आवाज चढत गेला, सभासद भोवती जमले, आणि शेवटी डॉक्टरांनी ती दोन्ही पुस्तकं कपाटातून काढून दाराजवळच्या टेबलावर ठेवून दिली, ज्याला जे हवं ते त्याने न्यावं म्हणून. घरी परतताना नाना रस्ताभर तोच मुद्दा पुन्हा पुन्हा मांडत होते, आणि सूनबाईला ते इतके तरतरीत याआधी कधी दिसलेच नव्हते.

त्यानंतर घरात वाचन उघड्यावर आलं. सकाळी ती वाचायची, दुपारी ते. फ्रिजवरच्या पुस्तकात आता दोन खुणा असायच्या. एखादं पान समजलं नाही तर नाना दुकानात फोन करायचे, आणि गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम तशीच ठेवून मॅडम उंटाच्या चालीवर वाद घालायच्या. गिऱ्हाईक बिचारं भिंगातून तक्त्याकडे बघत बसायचं.

आणि मग एका रविवारी ते झालं. नवरा घरी होता, सोफ्यावर. नाना सगळं वाचून बसले होते, झोपही चांगली झाली होती, तब्येतीची तक्रार नव्हती. म्हणजे नंतर सांगायला सबब म्हणून काही उरलं नव्हतं. डाव पुष्कळ चालला. सूनबाईने कपाळावर आठ्या घालून एकेक चाल केली. शेवटी नानांनी पटाकडे बराच वेळ बघितलं, एकदा तिच्याकडे बघितलं, आणि आपला राजा उचलला. सरळ वर, मग आडवा, मग अलगद खाली निजवला.

सोफ्यावरून विचारणा झाली, की टोपीवाला मेला का?

सूनबाईला आरडाओरडा करावासा वाटत होता. इतक्या महिन्यांनी, एकदाची. पण समोर नाना दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते, आणि तिच्या खुर्चीकडे बघत होते.

तिने हात लांब करून सोंगट्या आपल्याकडे ओढल्या आणि पुन्हा मांडायला घेतल्या. पांढरी त्यांच्या बाजूला.